दगड खायचे नाहीत

"सर, द स्टोन्स आर नॉट एडिबल."

वयाची चोपन्न वर्षं उलटली, पण दगड खाऊ नका असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. आता मात्र समोर एक लाकडी खोकं होतं, त्यात नदीतले वाटावेत असे गुळगुळीत काळे गोटे, गोट्यांवर चार पांढरे चमचे आणि प्रत्येक चमच्यात लिंबाएवढा एक गुलाबी, थरथरणारा गोळा. गोट्यांच्या मधल्या फटींत काळी माती भुरभुरली होती.

"द सॉइल इज एडिबल," तो मुलगा पुढे म्हणाला.

म्हणजे माती खायची, दगड नाही. मी मनात नोंद करून घेतली.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्याचा हा सोहळा. माझा बेत साधा होता. गडकरीला एखादं नाटक, नंतर पापलेट. "बाबा, दर वाढदिवसाला तुम्ही हेच करता," म्हणून लेकीने तो उडवला आणि पंधरा दिवस आधी घोडबंदर रोडवरच्या एका फ्यूजन, म्हणजे इकडचं-तिकडचं एकत्र करणाऱ्या, हॉटेलात टेबल राखून ठेवलं. ज्या टेबलासाठी आगाऊ दोन हजार भरावे लागतात त्या टेबलावर माझा विश्वास नसतो. पण हिने "जाऊ या ना" म्हटलं, आणि पंचविसाव्या वर्षी "जाऊ या ना"ला उत्तर नसतं.

नौपाड्यातून सातला निघालो. तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी असं करत मेट्रोच्या खांबांना एकेक करून ओळख देत मानपाड्याला पोचायला पाऊण तास लागला. आई पुढच्या सीटवर होती, गुडघ्यांमुळे. तिने संध्याकाळच्या चहाबरोबर खारीसुद्धा घेतली नव्हती. "बाहेर जेवायचंय ना, पोटात जागा नको?" आम्ही चौघांनीही तेच केलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला ही खारी जबाबदार आहे.

आत शिरल्या शिरल्या आई म्हणाली, "लाइट गेले का रे?"

लाइट गेले नव्हते, तसेच ठेवले होते. मेन्यू मोबाइलच्या उजेडात वाचायचा. वाचून उपयोगही नव्हता, कारण निवडायला काही नव्हतंच. टेस्टिंग मेन्यू, नऊ पदार्थ, ते आणतील त्या क्रमाने. नऊ म्हटल्यावर मी टेबलाखाली बेल्ट एक भोक सैल केला.

सुरुवातीला निळंशार सरबत आलं. मुलाने त्यात लिंबाचे चार थेंब पिळले आणि ते जांभळं झालं. शेजारच्या टेबलावरून "वॉव" ऐकू आलं. आईने पेला डोळ्यांजवळ नेला. "अगं, हे गोकर्ण. आपल्या कंपाउंडवर चढलेला वेल नाही का? मी रोज महादेवाला वाहते." साडेचारशे रुपयांचा एक पेला होता. महादेवाला आईने आजवर किती लाखांचं सरबत वाहिलं याचा हिशेब मनात सुरू झाला, तेवढ्यात ते दगड आले.

गुलाबी गोळ्याबद्दल मुलाने जे इंग्रजीत सांगितलं त्याचा सारांश असा: समुद्री शेवाळापासून अल्जिनेट काढतात. ते आणि कॅल्शियम एकत्र आले की वर पातळ पापुद्रा धरतो आणि आतला रस रसच राहतो. स्पेनमधल्या एल बुली नावाच्या रेस्टॉरंटात फेरान आद्रिया या शेफने २००३च्या सुमाराला ही करामत गाजवली, ही माहिती लेकीने फोनवरून पुरवली. ते रेस्टॉरंट २०११मध्ये बंद झालं, असंही तिने वाचलं. का बंद झालं असावं याबद्दल मला एक अंदाज मांडायचा होता, पण हिने टेबलाखालून पाय दाबला.

गोळा तोंडात टाकला. फुटला. संपला.

"सोलकढी!" आई म्हणाली. "बरी आहे. लसूण विसरलेत. अजून एक आण रे."

"मॅम, इट्स वन पर पर्सन."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या अंधारात तिला काय दिसलं कोण जाणे, पण मोतीबिंदू काढल्यापासून तिला माणसं बरोबर दिसतात. "कुठला रे तू?"

मुलगा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मुरबाड."

"मुरबाडात कुठं?"

"सरळगाव."

"मग मघापासून माझ्याशी इंग्रजी काय बोलतोयस?" आईचं माहेर बदलापूर. तिच्या हिशेबाने सरळगावचा मुलगा म्हणजे परसातलाच.

तो एक क्षण. त्यानंतर आमचं टेबल त्या हॉटेलातून फुटून निघालं. मुलगा मॅनेजरकडे एक डोळा ठेवून यायचा, इंग्रजीतलं पाठ केलेलं मोठ्याने म्हणायचा आणि मग आईच्या कानाशी वाकून खरं काय ते सांगायचा. "हेरिटेज मिलेट टोस्टाडा विथ फायर-रोस्टेड चिली रेलिश... नाचणीची भाकरी आहे आजी, तळलीय. वर ठेचा." "ग्रॅम फ्लार एअर... पिठलं. मशीनमधून फेस काढलाय." बशीत पिवळा फेस होता, साबण लावून नळ सोडल्यावर मोरीत येतो तसा. आईने चमच्याने तो दाबून पाहिला. "खाली काही नाही?" "नाही आजी. फेसच आहे."

हिला मी विचारलं, कसं आहे? "छान आहे." हिचं "छान" मला कळतं. माझ्या बहिणीने आणलेली साडी छान असते, साहेबांच्या मुलाचं गाणं छान असतं. त्यातलं छान होतं.

मिसळ पाचवी आली. ठाणेकराला मिसळ दाखवताना माणसाने जरा विचार करावा. तहसील कचेरीजवळची मामलेदार खाऊन नाक पुसत मोठे झालेले लोक आम्ही. इथे एका लांब पाटीवर मोड आलेल्या मटकीचे अकरा दाणे (मोजले), एक शेव, म्हणजे शेवेची एक काडी, आणि पावाचा सुकवलेला पापुद्रा. तर्री काचेच्या ड्रॉपरमध्ये. जेमतेम दोन मिली.

आईने ड्रॉपर उचलला, मान मागे टाकली आणि विचारलं, "दोन्हींत घालायची?"

हसू आवरताना लेकीच्या नाकातून जांभळं सरबत आलं. संध्याकाळचा मला सर्वांत आवडलेला पदार्थ तोच.

मी म्हटलं, फ्यूजन कसलं, ही निकालानंतरची युती आहे, कोण कुणाबरोबर गेला कळत नाही. त्यावर लेक तापली. "बाबा, आजी एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते ना? साबुदाणा ज्या टॅपिओकाचा, तो अमेरिकेतला. शेंगदाणा अमेरिकेतला. बटाटा, मिरची, सगळं तिकडचं, पोर्तुगीज वगैरे लोकांनी आणलेलं. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. तुमचा पावही त्यांचाच. सगळ्यात मोठं फ्यूजन तर तुमच्या उपासाच्या ताटात आहे."

मुद्दा बिनतोड होता. मला काही सुचेना. आई शांतपणे म्हणाली, "असेल. पण खिचडी पातेलंभर असते."

खरं सांगायचं तर मला पदार्थांचा राग नव्हता. नाचणीची ती तळलेली भाकरी उत्तम होती, अशा सहा मिळाल्या असत्या तर मी या हॉटेलच्या आरत्या ओवाळल्या असत्या. मला छळत होतं ते आधीचं भाषण. घास अर्ध्या मिनिटाचा आणि प्रस्तावना तीन मिनिटांची. तोपर्यंत हात मांडीवर ठेवून, मान हलवत, शाळेच्या बक्षीस समारंभातल्या पालकासारखं बसायचं. मला आमच्या लग्नाची पंगत आठवली. तिथे कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. मसालेभात आला तो थेट पानात आला. मठ्ठा नको म्हणून द्रोणावर हात धरला तर हिच्या मामांनी बोटांच्या फटीतून ओतला होता. माझ्या धोतरावर तो डाग अजून आहे. "एक जिलबी हिच्या नावाची, एक विहिणीच्या नावाची, एक त्या बिचाऱ्या आचाऱ्याच्या नावाची" करत त्यांनी मला उठता येणार नाही असं केलं होतं. तेव्हा मी त्या मामांना मनातल्या मनात काय काय म्हटलं! आज पिठल्याचं मशीन बंद पाडायला ते मामा इथे हवे होते.

सहावा आणि सातवा पदार्थ आले आणि गेले. सातव्यानंतर मी बेल्ट परत जुन्या भोकावर आणला.

नववं, गोड. घंगाळासारखं एक भांडं आलं. त्यात मुलाने किटलीतून काहीतरी ओतलं. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. पांढऱ्या धुराचे लोट टेबलभर पसरले, कडेवरून खाली उतरले. लेकीने फोन काढला. आईने डोळे मिटून हात जोडले.

धूर विरल्यावर आत श्रीखंड होतं. गोठवून चुरा केलेलं. चार जणांत मिळून सुपारीएवढं.

आईने ते खाल्लं, चमचा बशीत ठेवला आणि सरळगावला जवळ बोलावलं. "बाळा, तुम्ही इथली मुलं काय जेवता?"

"आम्ही साडेसहाला जेवून घेतो आजी. वरणभात, बटाट्याची भाजी."

"उरलंय?"

"अहो आई!" ही म्हणाली. लेकीने तोंड झाकून घेतलं. मी छताकडे पाहिलं. पण नाही म्हटलं नाही कुणीच.

मुलगा मॅनेजरकडे गेला, काहीतरी पुटपुटला, आत गेला. दहा मिनिटांनी काळ्या पाटीच्या दगडावर वरणभात आला. मूद पाडलेला, वर तुपाची धार, बाजूला बटाट्याची भाजी. आणि मुदीवर, सवयीने असेल किंवा मॅनेजरने बजावलं असेल, एक गोकर्णाचं निळं फूल. मुलगा तोंड उघडणार, तेवढ्यात आईने हात वर केला. "माहितीय मला." तिने फूल उचलून बाजूला ठेवलं आणि आम्ही चौघे चार बाजूंनी तुटून पडलो. दगड अर्थातच खाल्ला नाही.

बिलाबद्दल माझी तयारी होती. जीएसटी पाच टक्के, ठीक. खाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलंय की तो सक्तीने लावता येत नाही, मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलंय. हे सगळं मी तारखांसकट पाठ करून आलो होतो, अशा प्रसंगाची वर्षभर वाट पाहत होतो. घसा खाकरला. समोर सरळगावचा मुलगा उभा होता आणि बिलात वरणभात नव्हता. मी घसा पुन्हा खाकरला आणि कार्ड दिलं.

परत येताना रस्ता मोकळा होता. कापूरबावडीला आईने पर्स उघडून रुमालात बांधलेलं ते फूल काढलं. "महादेवाला आणलं होतं. पण भाताला लागलंय, खरकटं झालं." तिने मागे वळून ते सुनेच्या हातात दिलं. "घाल केसांत. आज घालायचंच असतं."

हिने ते अंबाड्यात खोवलं, आरशात माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितीला पडलं हो हे?"

"सर्व्हिस चार्ज धरून?"