बोटं हलतात म्हणजे मनगट मोडलं नाही? हा मेसेज चुकीचा आहे

‘पडल्यावर बोटं हलत असतील आणि एक्स-रे साफ असेल तर मनगट फक्त लचकलंय, चोळून घ्या’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया तो पुढे पाठवू नका. या सल्ल्याने हात कायमचा अधू होऊ शकतो.

हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड हे लहानसं हाड मोडू शकतं. ते मोडलं तरी बोटं हलतात आणि पहिल्या एक्स-रेत तडा दिसेलच असं नाही. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला दोन कंडरांमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये) खळगा पडतो. तिथे दाबून कळ आली, तर फ्रॅक्चर धरूनच प्लास्टर घालतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात; सोय असेल तर एमआरआय लगेच. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, म्हणून दुर्लक्ष झालं तर कोपराकडचा तुकडा मरू शकतो. तुकडे सरकले असतील तर स्क्रू बसवतात.

मनगटाच्या मधल्या ल्युनेट या लहान हाडाभोवतीचा सांधा निखळणं त्याहून फसवं. समोरून काढलेल्या एक्स-रेत ते नजरेतून सुटतं, बाजूच्या एक्स-रेत कळतं. बोटांना मुंग्या येत असतील तर नस (मज्जातंतू) दबलेली असू शकते. अशा वेळी हाड तातडीने जागेवर आणावं लागतं. पुढे शस्त्रक्रियेत अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) शिवून हाडं तारांनी धरून ठेवतात.