फोल्डर लिस्टिंग चालू करायची ती 'एक ओळ' जशीच्या तशी कॉपी करू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. होस्टिंगवरच्या फोल्डरची लिंक उघडल्यावर फाईल्सची यादी न येता ४०३ फॉरबिडन (बघायला मनाई) येत असेल तर साइटच्या रूटमधल्या (सगळ्यात वरच्या फोल्डरमधल्या) सेटिंग्जच्या डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये 'ऑप्शन्स इंडेक्सेस' एवढी ओळ टाका, फोल्डरला ७७७ परमिशन द्या, कुठल्याही होस्टिंगवर चालतं, लिंक कुणाला दिली नाही तर कुणाला कळणारही नाही आणि भीती वाटली तर रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (साइट आपोआप चाळणाऱ्या बॉट प्रोग्रॅमना काय बघू नका ते सांगणारी फाईल) फोल्डरचं नाव टाका. लिस्टिंग चालू करायला माझा अजिबात विरोध नाही, डेबियन लिनक्सचे मिरर (डाउनलोडच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) बघा, अशाच उघड्या याद्या आहेत आणि डाउनलोड करणाऱ्याला तेच सोयीचं पडतं. पण या मेसेजमधली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे आणि नवीन पोरं ती डोळे झाकून पेस्ट करतायत, म्हणून लिहितोय.

'कुठल्याही होस्टिंगवर चालतं.' नाही चालत. डॉट एचटीअ‍ॅक्सेस मुळात अपाचे या वेब सर्व्हरची. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तिथे कॉन्फिगमध्ये 'ऑटोइंडेक्स ऑन' लिहावं लागतं. गिटहब पेजेसवर (गिटहबचं साइट होस्टिंग) तर ही सोयच नाही, यादीचं पान आपणच बनवायचं. आणि अपाचे असला तरी होस्टवाल्याने 'अलाउओव्हरराइड नन' ठेवलं असेल (२.४ मध्ये डिफॉल्ट तेच आहे) तर तुमची फाईल वाचलीच जात नाही.

'एवढीच ओळ टाका.' इथे खरी गोची आहे. इंडेक्सेसच्या आधी अधिकचं चिन्ह नसेल तर अपाचे ते आधीच्या सेटिंगमध्ये मिळवत नाही, आधीचे सगळे ऑप्शन्स पुसून फक्त इंडेक्सेस ठेवतो. म्हणजे फॉलोसिमलिंक्स (शॉर्टकटसारख्या लिंकमागे जायची परवानगी) पण गेलं, आणि ते गेलं की त्याच फाईलमधले रीराइटचे (मागितलेला पत्ता दुसरीकडे वळवायचे) नियम चालत नाहीत. वर्डप्रेसच्या पर्मालिंक (पोस्टचे कायमचे पत्ते) याच नियमांवर चालतात, त्यामुळे एका फोल्डरची यादी बघायला गेलात आणि चालू साइटच ४०३ द्यायला लागली असं होतं. 'ऑप्शन्स +इंडेक्सेस' असं लिहा, आणि एकाला अधिक लावलं तर त्या ओळीत प्रत्येक ऑप्शनला अधिक किंवा उणे लावा, नाहीतर ५०० एरर (सर्व्हरचीच चूक) येईल. शिवाय रूटमध्ये टाकलेली ओळ खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू होते. वर्डप्रेसच्या अपलोड्समधल्या वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत इंडेक्स फाईल नसते, त्यामुळे तिथलं सगळं उघडं पडतं.

'७७७ द्या.' कृपया नका देऊ. यादी दाखवायला सर्व्हरला फोल्डर वाचता आलं आणि आत शिरता आलं की झालं, म्हणजे ७५५ पुरतं, फाईल्सना ६४४. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला तिथे लिहायची मुभा. आणि ४०३ का येतोय ते अंदाजाने कशाला ठरवायचं, एरर लॉग उघडा ना. 'परमिशन डिनाइड' दिसलं तर परमिशनचा प्रश्न, 'डिरेक्टरी इंडेक्स फॉरबिडन बाय ऑप्शन्स डायरेक्टिव्ह' दिसलं तर परमिशन बरोबरच आहे, फक्त लिस्टिंग बंद आहे.

'लिंक दिली नाही तर कळणार नाही.' याचा मला मनापासून राग येतो कारण मी हे भोगलंय. एका साइटवर मी फाईल्स नावाच्या फोल्डरला लिस्टिंग चालू केलं होतं, लिंक फक्त दोघांना दिलेली, आणि त्यातच डेटाबेसचा एक जुना डम्प (सगळ्या डेटाची एका फाईलमधली प्रत) राहून गेला होता. नंतर अ‍ॅक्सेस लॉग बघितला तर एकाच आयपीवरून ओळीने रिक्वेस्ट आलेल्या, स्लॅश बॅकअप ४०४ (सापडलं नाही), स्लॅश ओल्ड ४०४, स्लॅश फाईल्स २०० (सापडलं), आणि लगेच खाली त्या डॉट एसक्यूएल फाईलचं नाव, २००. लिंक कुणी फोडली नव्हती, बॉट नेहमीची नावं ठोकून बघतात आणि यादी सापडली की बाकीचं काम यादीच करून देते. त्या रात्री सगळे पासवर्ड बदलत बसलो. आपली साइट कुणाला माहीत नाही असंही समजू नका, एसएसएल सर्टिफिकेट निघालं की डोमेनचं नाव सार्वजनिक सर्टिफिकेट लॉगमध्ये जातं.

रोबोट्स डॉट टीएक्सटीचं थोडक्यात. ती फाईल कुणालाही वाचता येते आणि पाळायची सक्ती कुणावर नाही. लपवायच्या फोल्डरचं नाव तिथे लिहिणं म्हणजे पत्ता देणं. खाजगी असेल तर पासवर्ड लावा, सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) 'डिरेक्टरी प्रायव्हसी' त्यासाठीच आहे.

मग करायचं कसं? ज्या फोल्डरची यादी दाखवायची त्याच फोल्डरमध्ये वेगळी डॉट एचटीअ‍ॅक्सेस करून त्यात 'ऑप्शन्स +इंडेक्सेस', आणि रूटमध्ये 'ऑप्शन्स -इंडेक्सेस'. सीपॅनेल असेल तर 'इंडेक्सेस' आयकॉनमध्ये फोल्डर निवडला की हेच होतं. त्या फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल असेल तर यादीऐवजी तेच पान उघडेल, ते आधी हलवा. 'इंडेक्सइग्नोर'ने एखादी फाईल यादीतून काढता येते, पण नाव टाइप केलं तर ती उघडतेच, म्हणून डम्प आणि झिप वेब फोल्डरच्या बाहेरच ठेवा. झालं की इन्कॉग्निटो विंडोत ती लिंक उघडा, मग शेवटचं नाव खोडून वरच्या फोल्डरची उघडा. खालच्यात यादी आणि वरच्यात ४०३ किंवा तुमचं नेहमीचं पान आलं पाहिजे.