चांदीच्या मुठीची छडी

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या १९९४ सालच्या दहावीच्या तुकडीचे स्नेहसंमेलन येत्या डिसेंबरात आहे, आणि त्यात गणिताच्या सरांचा सत्कार करून त्यांना चांदीच्या मुठीची वेताची छडी भेट द्यावी, असे व्हॉट्सॲपवरच्या समूहात ठरले आहे. निमित्त एका बातमीचे झाले. कुठल्याशा शाळेत नववीतल्या मुलाने शिक्षकाच्या अंगावर हात टाकला होता, आणि त्यावरची चर्चा ‘छडी लागे छमछम’पासून निघून ‘२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पोरे शेफारली’ इथपर्यंत दोन दिवसांत पोहोचली. मी गेली सहा वर्षे केप टाउनच्या केप फ्लॅट्स भागात गणित शिकवतो, म्हणून एकाने मला डिवचले : ‘तुझ्या आफ्रिकेत अशा पोरांचे काय करतात, ते तरी सांग.’

‘तुझ्या आफ्रिकेत’ हे शब्द मला लागले आणि मी तीन दिवस लिहीत राहिलो.

इथे १९९६ च्या शाळा कायद्याने छडी बंद झाली. काही ख्रिस्ती शाळांनी धर्माच्या आधारावर सूट मागितली, तेव्हा २००० साली घटनात्मक न्यायालयाने तीही नाकारली. मुलाने गंभीर आगळीक केली तर पालकासमोर सुनावणी होते, शाळेची नियामक समिती त्याला फार तर सात शालेय दिवस निलंबित करू शकते, आणि कायमचे काढायचे तर तो अधिकार प्रांताच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखाचा असतो. आपल्याकडे नववीतल्या पोराच्या हातात दाखला ठेवला की विषय संपतो, असेही मी ठसक्यात लिहिले. कायदा असूनही इथल्या अनेक शाळांत छडी चालते, एवढे मात्र लिहायचे टाळले.

मग वस्तीविषयी लिहिले. १९६६ मध्ये केप टाउन शहरातला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि तिथल्या ६०,००० हून अधिक माणसांना उचलून या वाऱ्यावाळूच्या सपाटीवर आणून टाकले गेले. शेजारी तुटले, आज्या एकीकडे आणि नातवंडे दुसरीकडे गेली, आणि त्या मोकळ्या जागेत टोळ्या वाढल्या. केप टाउनमध्ये रत्नागिरीकडून आलेली कोकणी मुसलमानांची घरेही आहेत. रायलंड्समधल्या एका दुकानातली म्हातारी मोडक्या कोकणीत माझे गाव विचारते आणि सातारा म्हटले की तिचा उत्साह मावळतो.

आणि अर्थात तो मुलगा. एक्केचाळीस जणांच्या वर्गात रोज अर्धा तास उशिरा येणार, कचऱ्याच्या डब्याला लाथ मारून आत शिरणार. मी त्याच्या नावावर उशिराचे शेरे मारत गेलो, दोनदा त्याच्या आईला बोलावले. तिच्याकडूनच कळले की घरापासून शाळा दहा मिनिटांवर असली तरी मधला रस्ता दुसऱ्या टोळीचा आहे आणि त्याच्या थोरल्या भावाचे नाव तिथे सगळ्यांना ठाऊक असल्याने हा रोज मोठा वळसा घालून येतो. हे समूहावर लिहिले तेव्हा दोघांनी अंगठा वर केला.

जे लिहिले नाही ते असे. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने भर वर्गात मला आफ्रिकान्समध्ये आईवरून शिवी दिली. ही शिवी इथली मुले मित्रालाही उठता-बसता देतात आणि एरवी मी ती ऐकून न ऐकल्यासारखी करतो. पण आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि मी अंत्यविधीला पोहोचू शकलो नव्हतो. हातात लाकडी डस्टर होता. तो मी डोक्याच्या वर नेला. वर्ग चिडीचूप झाला. मुलगा मागे सरला नाही. न्हाव्यापुढे करतात तशी त्याने हनुवटी किंचित पुढे केली आणि वाट पाहत उभा राहिला.

मला त्या क्षणी न्यायालय आठवले नाही. शिक्षक परिषदेने नाव कमी केले तर कामाचा परवाना जाईल, हे आठवले, आणि त्याचा भाऊही आठवला. साताऱ्यात असतो तर हात खाली आला असता आणि संध्याकाळपर्यंत मी तो विसरलोही असतो. सुनावणीत मी शिवी सांगितली, डस्टर सांगितला नाही. मुलानेही सांगितला नाही. तो सात दिवस घरी बसला.

आमच्या सरांचा मार सर्वांत जास्त ज्याने खाल्ला, तो तळ्याकाठच्या वस्तीतला मुलगा या समूहात नाही. त्याने आठवीतच शाळा सोडली होती. त्याचा नंबर कोणाकडे आहे का, असे मी परवा विचारले. ‘गवंड्याच्या हाताखाली होता ना तो?’ एवढे एकाने लिहिले आणि मग चर्चा जेवणात पुरणपोळी ठेवायची की मांडे, याकडे वळली.

मला डिसेंबरात यायला जमणार नाही. छडीची वर्गणी माणशी दोन हजार रुपये होती. ती मी काल पाठवली.