पेज घेतल्यावर स्कॅन का थांबवला: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय वाचला. वडिलांना वाळपईहून पहाटे आणलं, तर ‘फक्त वाटीभर पेज’ घेतली आणि रक्तातली साखर २३८ आली म्हणून आम्ही त्यांना पेट-सीटी (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते शोधणारा स्कॅन) न करता परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तासभर एकट्याला बसवलं, मोबाईलही काढून घेतला. एवढं करून रिपोर्टात ‘बायोप्सी करावी’ (गाठीचा तुकडा काढून तपासावा). म्हणजे हा निव्वळ पैसे काढायचा धंदा, असं आपलं म्हणणं. आपण स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. रिपोर्टातला बाकीचा तपशील चव्हाट्यावर मांडणार नाही.

आधी पेजेचं. आपल्याकडे पेज कोणी खाण्यात धरत नाही. माझ्या घरीही पेज पिऊन झालेली माणसं ‘अजून पोटात काही नाही’ म्हणतात. म्हणून तर आमच्या सूचनापत्रावर मोठ्या अक्षरांत छापलंय: सहा तास पेज, चहा, शहाळं काही नको, फक्त साधं पाणी.

पेट-सीटीत आम्ही शिरेतून जे औषध देतो ते साखरेचंच भावंड, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं. कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखर अधाशासारखी ओढतात. ही साखर आत जाते, पण पुढे पचत नाही, तिथेच अडकते आणि मशीनला ती जागा उजळलेली दिसते. रक्तात आधीच साखर भरलेली असेल तर औषधाला पेशीत शिरायला वाव राहत नाही. शिवाय खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं आणि औषध स्नायूंकडे वळतं. आमची मर्यादा २०० आहे. त्या दिवशी इन्सुलिन टोचून लगेच स्कॅन उरकला असता तरी हेच झालं असतं. बिल फाडता आलं असतं, पण आपल्या हाती खोटा दिलासा देणारा कागद पडला असता. त्या औषधाचं बळ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. तो डोस वाया गेला. त्याचा पैसा आपल्याकडून घेतलेला नाही, पावत्या पाहाव्यात.

इंजेक्शननंतरचा तासभर औषध शरीरभर पोचायला लागतो. त्या वेळात माणूस बोलला, काही चघळलं की घशाचे, जबड्याचे स्नायू उजळतात. थंडी वाजली तर मानेजवळची एक प्रकारची चरबी उजळते, म्हणून ब्लँकेट. मग गाठ कुठली नि स्नायू कुठला, हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? मोबाईल त्यासाठीच घेतला. घरून फोन आला की वडील बोलणारच! आणि आपल्याला आत सोडलं नाही, कारण त्या तासात रुग्णाच्या अंगातूनच किरण बाहेर पडत असतात.

‘महिन्यापूर्वीचा सीटी असताना पुन्हा कशाला’ असंही आपण विचारलंय. सीटीत गाठीचा आकार आणि जागा कळते, ती जिवंत आहे की नाही हे बऱ्याचदा कळत नाही. केमोनंतर उरलेला गोळा नुसता व्रण असू शकतो. उलट नेहमीच्या आकाराच्या लसिकाग्रंथीतही रोग असतो. पेटमध्ये पेशी साखर किती ओढतात ते दिसतं, पण जागा धूसर. एकाच टेबलावर, माणूस न हलवता दोन्ही घेतले तरच एकावर एक नीट बसतात. जुन्या सीटीवर तसं जमत नाही. श्वास, पोट, झोपण्याची ढब, सगळंच बदललेलं असतं.

आता बायोप्सी. क्षयाची गाठ, न्यूमोनिया, ताजी जखम हेसुद्धा उजळतात, आणि आपल्या देशात क्षय काही दुर्मीळ नाही. उजळलं म्हणजे कॅन्सरच, असं लिहून देणारा रेडिओलॉजिस्ट मी तरी ठेवणार नाही. तुकडा नेमका कुठून घ्यावा हे मात्र या स्कॅनवरून ठरवता येतं.

स्कॅनची सीडी काउंटरवर आपल्या नावाने ठेवलीय, अजून नेलेली नाही. बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना कागदी रिपोर्टाबरोबर तीही द्या. मधुमेहाची गोळी पुढच्या वेळी कधी थांबवायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी आम्हाला फोन करा.