झिंगे, नोटीस आणि एक जून

अमेरिकेच्या व्हिसाच्या एका बातमीवरून आमच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. गोरे कसे माजलेत, कातडी बघून कसे वागवतात, सगळं नेहमीचं. शेवटी एकाने विषयच मिटवला: "हाऊ गोरासना रोग शे भो, आपले काय करनं शे?" त्याला तिथे उत्तर दिलं असतं तर रात्रभर टायपत बसलो असतो, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच, की देशादेशांतला वर्णद्वेष शिव्यांपेक्षा कागदावर जास्त चालतो. याद्या, वर्गवारी, नोटिसा, सह्या. आणि कागद धरलेला माणूस दिसायला राक्षस नसतो, बिचारा ड्युटीवर असतो. हे मला सगळ्यात नीट दाखवलं ते एका विज्ञानपटाने.

'डिस्ट्रिक्ट ९'. साल २००९, दिग्दर्शक नील ब्लॉमकँप, निर्माता पीटर जॅक्सन. परग्रहावरचं यान एरवी न्यूयॉर्कवर येतं, इथे ते जोहान्सबर्गवर येऊन बंद पडतं. आत उपाशी, आजारी जीव. त्यांना खाली उतरवून तात्पुरत्या छावणीत ठेवतात. छावणीची झोपडपट्टी होते, शहराला ती नकोशी होते, लोक त्यांना 'झिंगे' म्हणायला लागतात. मग लांब, २०० किलोमीटरवर, नवी छावणी उभारून सगळ्यांना तिकडे हलवायचं ठरतं. कंत्राट एका बहुराष्ट्रीय कंपनीला. कंपनीला त्यांच्या पुनर्वसनात काडीचा रस नाही, तिचा डोळा त्यांच्या शस्त्रांवर.

घरं रिकामी करण्याच्या कामावर नेमलेला अधिकारी म्हणजे विकुस. हसरा, थोडा बावळट, सासऱ्याच्या कृपेने बढती मिळालेला. तहसील कचेरीत किंवा झेडपीत असा माणूस तुम्हाला शंभर वेळा भेटला असेल. हातात क्लिपबोर्ड, पाठीशी बंदूकवाले, समोर कॅमेरा. दारोदार जाऊन तो नोटिशीवर सह्या घेतो. एक जण वैतागून कागदाला फटका मारतो, कागदावर डाग उमटतो. विकुस खूश! झाली की सही. म्हणजे फाईलला लावायला पोच मिळाली, उद्या कोणी विचारलं तर नोटीस रीतसर बजावलेली आहे. पुढच्या एका झोपडीतला रहिवासी मात्र कागद नीट वाचतो आणि सही करायला नकार देतो. कागदोपत्री त्याचं नाव ख्रिस्टोफर जॉन्सन, म्हणजे माणसांनीच चिकटवलेलं. तो नियमावर बोट ठेवतो, तेव्हा विकुस आवाज न चढवता त्याच्या पोराला ताब्यात घ्यायची भीती घालतो. हे पाहताना मला यान, परग्रह सगळं विसरायला झालं.

यातलं फारसं काही कल्पनेतलं नाहीच. केपटाउनमधली 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती १९६६ साली सरकारने फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांत ६० हजारांहून जास्त लोकांना तिथून उचलून शहराबाहेरच्या माळरानावर नेऊन टाकलं. सिनेमातल्या 'फक्त माणसांसाठी' या पाट्या कुठून आल्या ते सांगायला नको. चित्रीकरण झालं सोवेटोतल्या चियावेलोमध्ये, खऱ्या झोपड्यांत, आणि तिथल्या लोकांनाही त्याच सुमारास सरकारी घरांकडे हलवणं चालू होतं.

आता जरा जागतिक राजकारणाकडे. १९१९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या (म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या) करारात वांशिक समानतेचं एक वाक्य घाला म्हणून आग्रह धरला. समितीत १७ पैकी ११ मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे विल्सन. ते म्हणाले, एकमत नाही, सबब ठराव नामंजूर. त्याच करारात पहिल्या महायुद्धात हरलेल्यांच्या वसाहती वाटून घेताना तिथल्या लोकांच्या अ, ब आणि क अशा शाळेसारख्या तुकड्या पाडल्या. इराक, सीरिया अ मध्ये, मध्य आफ्रिका ब मध्ये, आणि क तुकडीतला नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, दिला कोणाला? दक्षिण आफ्रिकेला! या व्यवस्थेची कल्पना मांडणाऱ्यांत त्याच दक्षिण आफ्रिकेचे नेते जनरल स्मट्स पुढे होते. हेच स्मट्स, ज्यांनी १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात मोठा हात लावला. मूलभूत मानवी हक्कांवरची श्रद्धा वगैरे. घरी तेव्हा काळ्यांना पास दाखवल्याशिवाय फिरता येत नव्हतं.

पुढच्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडितांनी त्यांना तिथे उघडं पाडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न आपण आमसभेत नेला आणि ३२ विरुद्ध १५ मतांनी जिंकला. मला याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण त्या दिवशी आपल्या घरात काय चालू होतं? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अजून जिवंत होता. जन्मानेच गुन्हेगार ठरलेले लोक, पोलिसांकडे हजेरी, हद्दीबाहेर जायला पास. केंद्राने तो रद्द केला ३१ ऑगस्ट १९५२ ला. जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी वस्तीवर जाऊन विचारा, गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी कोणाकडे येते. कायदा गेला, यादी डोक्यात राहिली.

आणि आमचा नंदुरबार. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, सगळी आदिवासी. तिथे दोन वर्ग पडले, घोषित आणि अघोषित. ज्याचं नाव सरकारी यादीत तो घोषित, त्याला जमीन. बाकीचे पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर नागली पिकवणारे, पण सातबारा नाही, म्हणून अघोषित. पाणी चढलं ते मात्र दोघांच्याही घरात. हा वर्णद्वेष आहे का, यावर वाद घाला. मी दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणत नाही. कागदाची रीत मात्र विकुसचीच.

माझ्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला होता. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी रजिस्टरला ती ठोकून द्यायचे. पहाडातून आलेल्या पोरांची नावंही गुरुजींच्या सोयीने बदलायची. गुरुजी चांगलेच होते हो, पदरच्या पैशाने वह्या देणारे. ख्रिस्टोफर जॉन्सन हे नाव ऐकलं तेव्हा मला हसू आलं ते यामुळे.

सरदार सरोवराचं प्रकरणही नुसतं स्थानिक नव्हतं बरं का. धरणाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये विस्थापितांच्या हालांवर असा काही अहवाल दिला, की १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्जच नको म्हणून कळवलं. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी बँकेला उद्देशून जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. अक्कलकुव्यातलं हे गाव आपल्याकडच्या किती जणांना नकाशावर दाखवता येईल?

२००१ साली डर्बनला वर्णद्वेषाविरोधात जागतिक परिषद भरली, योगायोगाने गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला त्याच तारखेला, ३१ ऑगस्टला, सुरू झाली. दलित संघटना म्हणाल्या, जातीचा प्रश्न इथे घ्या. भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत मामला. शास्त्र म्हणून पहिलं वाक्य बरोबर असेलही. पण १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकाही हेच म्हणत होती, आमचा अंतर्गत मामला. तेव्हा आपण ते ऐकून घेतलं नव्हतं.

सिनेमा धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. त्यात नायजेरियन म्हणजे सगळे गुंड, अंधश्रद्ध, आणि टोळीच्या म्होरक्याचं नाव तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षांशी जुळणारं. नायजेरियाच्या मंत्र्यांनी चित्रपटगृहांना तो दाखवू नका म्हणून सांगितलं, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. परग्रहावरच्यांना माणुसकी देता देता दिग्दर्शकाने शेजारच्या माणसांची काढून घेतली. अर्थात आपणही हसायला नको. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून बडवलं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी मिळून याला वंशद्वेष म्हटलं, तर आपलं परराष्ट्र खातं त्या निवेदनावरच नाराज झालं.

सिनेमा बघणार असाल तर पोरं झोपल्यावर बघा, शिव्या आणि रक्त भरपूर आहे. पहिला अर्धा तास मात्र मोबाईल बाजूला ठेवून बघा. पुढे तो बंदुकांचा सिनेमा होतो, तेव्हा झोप लागली तरी फार बिघडत नाही.