निर्दोष माणूस पळत नाही म्हणे!

नाशिकला गोदाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. कॉलेज रोडवाल्यांकडे तोच, नाशिकरोडवाल्यांकडेही तोच. सार असे: निर्दोष माणूस पळत नाही. अमेरिकेचे गुप्त कागद छापणारा विकिलीक्सवाला असांज, विजय मल्ल्या, नीरव मोदी, सगळे एकाच माळेचे मणी. सावरकर, टिळक, गांधी तुरुंगात गेले, पण परक्या देशाच्या दारात आश्रयाला उभे राहिले नाहीत. दूतावास ही परकी जमीन, म्हणून तिथे पोलिसांचे चालत नाही. कोर्टाने 'सोपवा' म्हटले की विषय संपला. आणि शेवटी नेहमीचे: एकाने कायदा मोडला तर उद्या सगळेच मोडतील.

सावरकरांपासूनच सुरू करू, कारण त्यांचे जन्मगाव भगूर इथून हाकेच्या अंतरावर आणि तिथल्या वाड्यापुढे फोटो काढून आलेले लोकच हा मजकूर पुढे ढकलतायत. सावरकरांनी आश्रय शोधला नाही? मग मार्सेलिसची उडी कशासाठी होती? २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्यांपैकी होते, असा सरकारचा आरोप. मार्च १९१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना पकडले आणि १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली हिंदुस्थानात धाडायचा हुकूम झाला. त्याविरुद्ध ते तिथल्या कोर्टात लढले आणि हरले. ८ जुलैच्या सकाळी 'मोरिया' बोट मार्सेलिसला उभी असताना ते गवाक्षातून पाण्यात उतरले, धक्का चढले आणि धावत सुटले. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकला की ब्रिटिश पोलिसांचा हात तिथवर पोचू नये, एवढाच हिशेब. फ्रेंच पोलिसाने धरून त्यांना पुन्हा बोटीवर पोचते केले. त्यावर फ्रान्समध्ये बोंब उठली, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा: अटक आणि ताबा देण्यात अनियमितता झाली खरी, पण कैदी परत करायचे बंधन ब्रिटनवर नाही. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या.

उडीचा जयजयकार करायचा आणि वर 'निर्दोष पळत नाही' हेही पाठवायचे, हे एकाच अंगठ्याने कसे जमते?

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगतो, ती काहींना रुचणार नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९२ मध्ये प्रत्यार्पण करार झाला. राजकीय गुन्ह्यासाठी कुणाला सोपवायचे नाही असे त्यात आहे, पण खून, स्फोटके आणि त्यांचा कट हे राजकीय गुन्हे धरायचे नाहीत असेही लगेच पुढे आहे. म्हणजे आजच्या करारानुसार नाशिक खटल्यातला आरोपी 'माझा हेतू राजकीय होता' एवढ्यावर सुटला नसता. मला ती तरतूद योग्य वाटते. आश्रयाचा हक्क मानायचा तर त्याची हद्दही मानली पाहिजे.

टिळक आणि गांधी न पळता तुरुंगात गेले, हे खरेच. पण कुठल्या कोर्टातून गेले ते बघा. १९०८ मध्ये टिळक ज्युरीपुढे दिवसेंदिवस स्वतःची बाजू मांडत होते. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधींनी आपण सरकारविरुद्ध का लिहिले याचे निवेदन वाचले, न्यायाधीशांनी ऐकून घेतले आणि मग सहा वर्षे दिली. आपल्या काळाराम मंदिराचेच घ्या. २ मार्च १९३० पासून बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, लोकांनी लाठ्या आणि अटक पत्करली. तिथे हजर राहण्यात ताकद होती, कारण सगळे गावाच्या डोळ्यांसमोर घडत होते.

असांजवर अमेरिकेने अठरा आरोप ठेवले, त्यांतले सतरा १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली. जास्तीत जास्त शिक्षांची बेरीज १७५ वर्षे. त्या कायद्यात 'मी हे लोकांच्या हितासाठी छापले' असा बचावच नाही. ज्युरीने मुख्यतः हेच बघायचे की गुप्त कागद मिळवले की नाही, दिले की नाही. गांधींना जे बोलता आले ते तिथे बोलायलाच मनाई असेल, तर 'गांधींसारखा हजर हो' हा सल्ला पोकळ ठरतो. कायदा मोडणे कधी क्षम्य, याचे माझे मोजमाप इथेच आहे. काय केले ते माणूस उघड कबूल करतो का, त्यातून त्याने स्वतःचा खिसा भरला का, आणि 'का केले' हे सांगायला त्याला कोर्ट आहे का.

पण असांजला सगळे माफ करायचे माझ्या मनात नाही. १९ जून २०१२ ला तो लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरला तेव्हा त्याला मागत होते स्वीडन, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींच्या तपासासाठी. तो तपास पुढे रखडत २०१९ मध्ये बंद पडला आणि तक्रारदार बायकांना कोर्टाचा निर्णय मिळालाच नाही. शिवाय तो जामिनावर होता. जामीन म्हणजे काय ते सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात एक दुपार बसून बघा. दिंडोरीकडचा कुणी शेतकरी मेहुण्यासाठी सातबारा, आधार, रेशनकार्ड पिशवीत घालून आलेला असतो. मेहुणा तारखेला गैरहजर राहिला की पहिली नोटीस याला निघते, आणि रक्कम भरली नाही तर वसुली याच्या दारात. असांजच्या जामीनदारांचेही पैसे असेच गेले. त्यासाठी २०१९ मध्ये त्याला पन्नास आठवड्यांची कैद झाली, ती रास्तच होती.

मात्र भीती खोटी ठरली नाही. 'अमेरिका त्याला मागतच नाहीये, उगाच कांगावा' असे तेव्हा हसून बोलले जायचे. ११ एप्रिल २०१९ ला दूतावासातून बाहेर ओढल्याबरोबर अमेरिकेने आरोपपत्र उघड केले. ते वर्षभर आधीच तयार करून बंद पाकिटात ठेवलेले होते. पुढे जून २०२४ मध्ये एक आरोप कबूल करून, ब्रिटनच्या तुरुंगात काढलेली पाच वर्षे शिक्षेत धरून तो सुटला.

परक्या जमिनीची गोष्ट थोडक्यात. दूतावासाची जमीन यजमान देशाचीच असते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने तिथे परवानगीशिवाय शिरायला मनाई आहे, एवढेच. म्हणूनच इक्वेडोरने आश्रय काढून दार उघडताच लंडनचे पोलीस आत गेले.

'कोर्टाने सोपवा म्हटले की संपले' म्हणणाऱ्यांनी नाशिकरोडच्या कारागृहाकडे बघावे. २०२४ मध्ये अबू सालेमला तळोज्याहून तिथे आणले. पोर्तुगालने २००५ मध्ये त्याला दिला तो शब्द घेऊन: फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. जन्मठेप झाली तरी तो शब्द पाळावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारला बजावले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या आरोपीसाठी आपण अटी मान्य केल्या, म्हणून तो मिळाला. सोपवण्याचा निर्णय असा घासाघीस करूनच होतो, आणि त्यात आरोपीला आपली भीती मांडायचा हक्क असतो.

राहिले मल्ल्या आणि नीरव मोदी. यांना असांजच्या शेजारी बसवणे हाच त्या मजकुरातला सगळ्यात मोठा घोळ. १९५१ च्या निर्वासित करारात स्पष्ट आहे की बाहेर गंभीर बिगरराजकीय गुन्हा करून आलेल्याला निर्वासित धरायचे नाही. बँकेचे पैसे बुडवणे त्यात राजकीय कसे ठरणार? आपण त्या करारावर सही केलेली नाही, तरी १९५९ मध्ये दलाई लामांना ठेवून घेतलेच. त्यांना आणि मल्ल्याला एका मापाने मोजायचे का, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

'सगळेच कायदा मोडतील' ही भीती तर काळारामच्या सत्याग्रहींनाही घालता आली असती.

मल्ल्या हवा असेल तर ओरडण्याचा रोख बदलावा लागेल. त्याच्या खटल्यात लंडनच्या कोर्टाने आर्थर रोड तुरुंगाच्या बारा नंबर बराकीचा व्हिडिओ मागवला होता. उजेड येतो का, ते बघायला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारीला तिथल्या उच्च न्यायालयाने सोपवायचे नाकारले, कारण तिहारमध्ये त्याच्याकडून खंडणी उकळली जाईल, मारहाण होईल, हा धोका त्यांना खरा वाटला. भंडारीला ही पळवाट आपल्याच तुरुंगांनी करून दिली.