'आजीची आठ बाळंतपणं घरीच झाली', मग?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: आज्या सुईणीच्या हातून घरीच बाळंत व्हायच्या, काही बिघडत नसे, हल्ली बायका हॉस्पिटलात जाऊन दगावतात, म्हणजे हॉस्पिटलच मारतं, आणि लोहाच्या गोळ्यांनी बाळ मोठं होऊन सिझर लागतं. लोकमान्यनगरातल्या आमच्या एका काकूंनी तो सुनेला सातवा लागलेला असताना घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणून हे लिहिणं आलं.

काही बिघडत नसे, हे सांगतात वाचलेल्या आज्या. 'पहिली बाळंतपणात गेली, मग दुसरं लग्न केलं' हे कुठल्या घराण्यात ऐकलेलं नाही? मध्य प्रदेशात २००५-०६ मध्ये जेमतेम २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ९० टक्क्यांवर. देशात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये २५४ होते, २०१८-२० मध्ये ९७. हॉस्पिटल मारत असतं तर हा आकडा चढला असता.

गोळ्यांचं म्हणणं तर निव्वळ थापा. त्या असतात रक्त वाढवायला, कारण रक्त कमी असलेल्या बाईला थोडाही रक्तस्राव झेपत नाही, एवढंच खरं.

पण मेसेजमागचा राग खोटा नाही. मध्य प्रदेशातल्याच बडवानीच्या जिल्हा रुग्णालयात २०१० साली एप्रिल ते नोव्हेंबरात वीसहून अधिक माता दगावल्या. चौकशीला गेलेल्यांना दिसलं ते असं: ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, असून गरोदरपणात तपासणी नाही, गरज उघड असून तातडीचे उपचार नाहीत, आणि नुसतं 'पुढे न्या'. तेव्हा इमारत गाठली की झालं, असंही नाही.

जीव वाचतो तो प्रसूतीच्या टेबलावरच्या साध्या कामांनी. बाळ बाहेर येताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं, इंजेक्शन, तेही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेलं. बाहेर पडून राहिलं तर त्याचा जोर ओसरतो. आणि गेलेलं रक्त मोजायचं! नजरेच्या अंदाजात ते बहुधा कमीच भरतं. आफ्रिकेतल्या चार देशांत बाईखाली खुणांची प्लास्टिक पिशवी लावून रक्त मोजलं आणि मर्यादा ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यातला मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. निकाल २०२३ चा आहे.

तेव्हा काकू, मेसेज राहू द्या. हॉस्पिटलात नाव घालताना एवढं विचारा: रात्री दोनला रक्त कुठून आणता, आणि भूल द्यायला कोण येतं?